तिसऱ्यांचे तपासणी अधिकारी

नाव: चंद्रप्रकाश दाजी कांबळी. वय: त्रेसष्ट. मूळ गाव: देवगडकडचं, हल्ली मुक्काम दहिसर पूर्व. हुद्दा: शिंपला-सुरक्षा अधिकारी, स्वयंनियुक्त. उपकरणे: चांदीचा एक जुना रुपया आणि स्वतःची जीभ. सेवाकाळातील विषबाधेची प्रकरणे: निरंक.

तपासणीची पद्धत शास्त्रीय होती, म्हणजे आजीने सांगितलेली होती. तिसऱ्या उकळायला ठेवल्या की पाण्यात चांदीचा रुपया टाकायचा. काळा पडला तर भांडं बाहेर, चमकत राहिला तर घरातल्या कर्त्या पुरुषाने पहिली वाटी खायची आणि अंमळ बसून राहायचं. तो धडधाकट दिसला की बाकीच्यांनी पानावर बसायचं. बायको गेल्यापासून स्वयंपाकघरही चंद्रप्रकाशांच्याच ताब्यात होतं, त्यामुळे स्वयंपाकी, तपासनीस आणि अपील ऐकणारा अधिकारी हे तिघेही एकाच लुंगीत वावरत.

धातूंशी त्यांचा संबंध जुना. वडील गिरणीत होते. हे स्वतः मात्र मरोळला, नळांना चकाकी देणाऱ्या कारखान्यात. टाक्यांचं हिरवट धुवण नाल्यात सोडायचं, नाला खाडीला मिळायचा. पुढचा प्रवास त्यांच्या खात्यात येत नव्हता. खाडीतली तिसरी दिवसभर तेच पाणी गाळून पोट भरते, ही माहिती त्यांना होती. पण तिसरी ही मूळची कोकणातली असल्याने ती काय ते निवडून घेत असणार, असा त्यांचा विश्वास होता.

अनुपमा, त्यांची एकुलती एक मुलगी, सातव्या महिन्यात माहेरी आली. ओटीभरणाचा कार्यक्रम शाकाहारी पार पडला. डोहाळे मात्र तिसऱ्यांच्या सुक्याचेच होते. चंद्रप्रकाश रविवारी सकाळीच पिशवी भरून घेऊन आले.

जावई नितेशने मोबाइल पुढे केला. "बाबा, बघा ना. आठवडाभर खाडीचं पाणी तांबूस झालंय. कसलं तरी शेवाळ वाढलंय, त्याचं विष शिंपल्यांत उतरतं म्हणे."

"जावईबापू, पाण्याचो रंग बघून तिसऱ्यो खाणारो माणूस मी अजून बघूक नाय."

"उकळून पण जात नाही, असं लिहिलंय."

"लिवणाऱ्यान आमसुलां घातली नसतीत."

"नितेश, सोड यार," अनुपमा म्हणाली. "बाबांचं सर्टिफिकेट आल्याशिवाय मी हात लावणार नाहीये. मग तर झालं?"

नितेशने खवणी पुढे ओढली. सासऱ्याशी वाद घालण्यापेक्षा खोबरं खवणं सोपं, हे तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकला होता.

रुपया पाण्यातून बाहेर आला तो लग्नाला निघाल्यासारखा लखलखीत. चंद्रप्रकाशांनी तो सगळ्यांना दाखवला. मग सुकं परतलं, वाटीभर वाढून घेतलं, शिंपल्या चोखून ताटाकडेला रचल्या आणि ते खुर्चीत प्रकृतीचं प्रदर्शन मांडून बसले.

अनुपमाने भाकरी वाढून घेतली, शेजारी सुकंही घेतलं. "बाबा, ड्युटी संपली का? भूक लागलीये."

"घाई करू नको गो."

तेवढ्यात ओठांना मुंग्या आल्या. चंद्रप्रकाशांना ती चव ओळखीची वाटली आणि बरंही वाटलं. तिरफळ. बांगड्याच्या कालवणात तिरफळ दाताखाली आलं की ओठ असेच बधिर होतात. आज जरा सढळ हाताने पडली असणार. मग त्यांना आठवलं की तिरफळं आज घातलीच नव्हती. तिसऱ्यांत ती कोणी घालत नाही, आणि डबा तर गेल्या महिन्यापासून रिकामा होता.

आता मुंग्या बोटांत उतरल्या. समोर अनुपमाने एक शिंपली उचलली.

एवढ्या वर्षांत त्यांनी आपल्या हातचा पदार्थ चुकला असं कधी कबूल केलं नव्हतं. जास्त मिठाला ते समुद्राची चव म्हणत. आता जावयासमोर, त्याच्या मोबाइलसमोर, रुपयाने पास केलेला माल नापास करायचा. अनुपमाने शिंपली तोंडाजवळ नेली.

"ठेव ती खाली."

"का?"

"खवट आसा. नारळ खराब निघालो."

नितेशने मान वर केली. "नारळ मी आणला होता, बाबा. खवताना चाखला पण. झकास होता."

"तुमची चवच तशी," चंद्रप्रकाश म्हणाले. त्यांनी मुलीच्या हातातली शिंपली काढून घेतली आणि पानातलं व भांड्यातलं सगळं सुकं कचऱ्याच्या डब्यात ओतलं. ओतताना भांडं बोटांतून निसटलं. खाली वाकले ते तिथेच बसले. जीभ जड झाली होती.

"बाबा, हे नारळाचं आहे?" नितेशने विचारलं. त्यांनी पहिल्यांदाच जावयाशी वाद घातला नाही. नुसती नकारार्थी मान हलवली.

रिक्षाने बोरिवलीच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी सांगितलं, शिंपल्यांतल्या विषाची लक्षणं आहेत. ते उकळून जात नाही, त्यावर उतारा नाही, श्वासावर रात्रभर नजर ठेवावी लागेल. "आणखी कोणी खाल्लं?"

"मी एकट्यानच," चंद्रप्रकाश जड जिभेने म्हणाले. एरवी हे वाक्य त्यांनी लाजेने सांगितलं असतं.

दुसऱ्या दिवशी श्वास ठीक असल्याची खात्री झाली. भेटायला आलेल्या शेजाऱ्यांना त्यांनी सविस्तर माहिती दिली: तपासणी यंत्रणेने आपलं काम चोख बजावलं, धोका वेळीच हेरला गेला, बाधित माल तत्काळ नष्ट करण्यात आला आणि जनतेने घाबरून जाऊ नये.

अनुपमा खाली कँटीनमध्ये इडली खात होती.