रशीदाची दारं

दौंडला रेल्वे क्वार्टर्सच्या मागे तेव्हा मोठं मैदान होतं. भर दुपारी, डोळ्यांवर ओढणी घट्ट बांधून, हात पुढे करून रशीदा त्या मैदानात चालत होती. जमिनीवर चुन्याच्या फक्कीने रेघा मारलेल्या होत्या. कबड्डीचं मैदान आखतात तशाच, फक्त या रेघांमधून खोल्या, बोळ, जिना अशी अख्खी इमारत उमटली होती. तिचे अब्बा मालगाडीवर गार्ड होते. ड्युटीचा कोटही न उतरवता ते तिच्या मागेमागे चालत होते. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"थांबा जरा. ती अजून आत हाय," ते हळूच म्हणाले.

"कशाच्या आत?"

"शाळंच्या. धूर झालाय. वाट घावती का बघतीया."

ना भिंत ना छप्पर, उघड्या मैदानात ती घामाने निथळत वाट शोधत होती. एका रेघेवर पाय पडला तशी ती जागीच थबकली, मग मटकन खाली बसली. ओढणी सोडून म्हणाली, "मेले." शेजारी दगडाखाली ठेवलेला नकाशा ओढून घेतला, एक दार खोडलं आणि दुसरीकडे काढलं. खरं तर मला हसू फुटायला हवं होतं. पण भर उन्हात माझ्या अंगावर काटा आला.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. पुण्याच्या आर्किटेक्चर कॉलेजात आमच्या वर्गात दोनच मुली होत्या. मी शिरूरची आणि ती दौंडची. मुलगे आमच्याकडे सर्कशीतली जनावरं बघावीत तसे बघायचे, त्यामुळे आमची मैत्री होण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी तोंडाळ, ती मुखदुर्बळ. मी चार रेघा मारून चहाला पळणारी, ती एकाच कागदाला आठवडाभर चिकटून बसणारी.

तिची एक सवय मात्र सगळ्या वर्गाला ठाऊक झाली होती. कुणाच्याही ड्रॉइंगबोर्डाशी यायची, नकाशावर तर्जनी टेकवायची, डोळे मिटायची आणि बोट चालवू लागायची. बोट चालायचं, वळायचं, अडखळायचं. मग डोळे न उघडताच विचारायची, "वाट कुठंय?" तुम्ही कितीही देखणा दिवाणखाना काढलेला असो, तिला त्याचं काही नसायचं. एकदा मी माझ्या बंगल्याच्या नकाशावर फार खूश होते. रशीदाचं बोट माजघरात जाऊन थांबलं.

"सुमे, हितं कोन झोपनार?"

"आजी."

"मंग आजी मेली बघ," ती म्हणाली. माझ्या खऱ्या आजीला त्या दिवसांत ताप होता. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने माजघराला दुसरं दार काढलं.

तिची भीती अशी दुसऱ्यालाही लागण होणारी होती. तिच्याबरोबर राहून मलाही खोड लागली. बसमध्ये, देवळात, लग्नाच्या मांडवात, कुठेही बसलं की नजर आधी दाराकडे. ती अजून गेलेली नाही.

या भीतीचं मूळ तिने मला एकदाच सांगितलं, न्हावऱ्यावरून शिरूरला जाणाऱ्या एसटीत, खिडकीबाहेर बघत. लहानपणी दौंडच्या बाजारालगत एका पत्र्याच्या गोदामात सिनेमा दाखवत. तिची फुफी, म्हणजे वडिलांची बहीण, तिला घेऊन गेली होती. मध्येच कुणी तरी "आग" म्हणून ओरडलं. सगळे दाराकडे धावले. दार आत उघडणारं होतं. पुढचे ते ओढू बघत होते आणि मागचे पुढच्यांना रेटत होते. फुफीने हिला उचलून खिडकीच्या गजाशी धरलं आणि ती स्वतः तशीच उभी राहिली.

"उभीच व्हती," रशीदा म्हणाली. "पडायला जागाच न्हवती. मला वाटलं, ती जित्ती हाय." जरा वेळाने म्हणाली, "आन् आग लागलीच न्हवती, सुमे. कुनाची तरी बिडी व्हती."



आता अशा पोरीने इमारती कशा काढाव्यात? पहिली तीन वर्षं तिचे नकाशे बघवत नसत. जिकडेतिकडे दारं. आमचे डिझाइनचे सर कडक होते, पण दुष्ट नव्हते. त्यांनी तिची शाळा वर्गासमोर उंच धरून विचारलं होतं, "बाई, ही शाळा आहे की चाळण? मुलं बसणार कुठे? सगळीकडून पळताच येतंय." वर्ग खदखदून हसला. रशीदा मान खाली घालून उभी राहिली. सर मग जरा नरमाईने म्हणाले, "तुम्ही पळण्याचाच विचार करता. माणसं इमारतीत आधी येतात. ती का येतात, ते आधी काढा."

हे वाक्य तिला फार लागलं. चार दिवस ती कॉलेजात आली नाही. आली ती सरळ माझ्याकडे आली आणि म्हणाली, "शेवटच्या वर्साला मी थेटर काढनार." मी तिला वेड्यात काढलं. थेटराचं नाव काढलं तरी जिचे तळवे ओले होत, ती थेटर काढणार!

योगायोग असा की माझ्या चुलत्यांना, आप्पांना, शिरूरला पक्कं थेटर बांधायचं खूळ लागलं होतं. आप्पा बागायतदार, सोसायटीचे चेअरमन, आवाज असा की ओसरीवर बोलले तर वेशीवर ऐकू जावं. ते म्हणाले, "पुतनी एवढी शिकतीया, तर नकाशा घरचाच व्हऊ दे की." सह्या करायला पुण्याचा इंजिनिअर होताच. नकाशा मात्र रशीदाने काढला.

त्या वर्षी मी तिला बदलताना पाहिलं. ती दर रविवारी शिरूरच्या बाजारात जाऊन बसायची. लोक कुठे टेकतात, बायका पोरांना घेऊन कुठे सावली धरतात, गर्दी कशी वाहते, हे बघायची. मग मैदानावर फक्की पडायची आणि डोळे बांधून चालणं व्हायचं. तिने थेटराच्या दोन्ही अंगांना लांबलचक पडव्या काढल्या. बाजाराला आलेल्याने तिथे भाकरी खावी, खेळाची वाट बघणाऱ्याने टेकावं. हॉलमधली सगळी दारं त्या पडव्यांत उघडत होती. खुर्च्यांमधल्या वाटा दाराकडे जाता जाता रुंद होत जायच्या, त्यामुळे अंधारातही पाय आपोआप तिकडेच वळले असते. दारं होती तेवढीच होती, पण आता ती दारं म्हणून टोचत नव्हती. सर नकाशासमोर बराच वेळ उभे राहिले. "आता यात माणसं आली," एवढंच म्हणाले. रशीदा संडासात जाऊन रडली, हे मला माहीत आहे, कारण बाहेर पहाऱ्याला मी होते.

इमारत उभी राहिली. उद्घाटनाला आठवडा राहिला असताना आम्ही दोघी बघायला गेलो आणि रशीदा पांढरीफटक पडली. सुताराने सगळी दारं आत उघडणारी बसवली होती.

"आप्पा, नकाशात तर बाहेर उघडणारी आहेत," मी म्हटलं.

"व्हय, बघितलं की म्या," आप्पा म्हणाले. "मीच बदलाय सांगितलं. आगं, दार आत उघडतं म्हंजी लक्षुमी आत येती. घराचं, दुकानाचं, कुठलंबी दार बघ. भायेर उघडून तिला ढकलून द्यायची व्हय?"

आमच्याकडे घराचं दार बाहेर उघडणारं मीही पाहिलेलं नव्हतं. बोलली ती रशीदा. ओढणीचं टोक ती मुठीत चुरगाळत होती.

"आप्पा, तुमी दारापाशी हुबं ऱ्हावा. दार लावून घ्या. बाकी समदी तुमच्या पाठीमागं. मी 'आग' म्हनले की सगळ्यांनी दाराकडं पळायचं. आन् तुमी दार उघडायचं. येवडंच."

आप्पांना गंमत वाटली. गवंडी, सुतार, हमाल, बघायला आलेली रिकामटेकडी माणसं, सगळे जमले. मालकाला रेटायला कुणी धजेना. "रेटा रं, लाजू नगा," आप्पाच म्हणाले.

रशीदा "आग" म्हणाली. तिच्या तोंडून तो शब्द नीट फुटलाही नाही.

लोक हसत हसत धावले. आप्पांनी कडी धरून दार ओढलं. ते वीतभर आलं आणि त्यांच्याच पोटावर अडलं. मागून रेटा आला तसं ते पुन्हा फाडकन मिटलं. मागचे हसत होते. पुढचं त्यांना दिसतच नव्हतं. आप्पांचा पटका खाली पडला, गाल फळीला चिकटला. वेशीवर ऐकू जाणारा त्यांचा आवाज हाताच्या अंतरावरही पोचत नव्हता. मी बाजूला होते म्हणून मला त्यांचा डोळा दिसला. आप्पांच्या डोळ्यांत मी तसलं काही आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि मला एकाएकी कळलं की हे थांबवायचं कसं हे कुणालाच माहीत नाही. मी किंचाळले. सुताराने मागच्या दोघातिघांना दंडाला धरून ओढलं, तेव्हा कुठे दाब सुटला.

आप्पा भिंतीला टेकून जमिनीवर बसले. कुणी पाणी आणलं, ते त्यांनी नुसतंच हातात धरलं. रशीदा आवारात भिंतीकडे तोंड करून ओकत होती.

"दारं फिरव," आप्पा सुताराला म्हणाले. मग जरा सावरून, "तिकिटाच्या खोलीचं तेवढं आतच उघडू दे."

उद्घाटनाचा खेळ दुपारचा होता. रशीदा येणार नाही, असंच मी धरून चालले होते. ती आली, नवी साडी नेसून, ओठ कोरडे पडलेले. "मी आत बसले न्हाई, तर दुसऱ्याला कसं बसवू?" म्हणाली. आम्ही मधल्या रांगेत बसलो. डोअरकीपर आधी पुण्याच्या थेटरात कामाला होता. फुकटे घुसू नयेत म्हणून खेळ सुरू झाला की दारांना बाहेरून कुलपं घालायची त्याची जुनी सवय. कुलपं घालायची नाहीत, असं आप्पांनी त्याला बजावलं होतं. तरी दिवे जाता जाता त्याच्या हातात कुलपांचा जुडगा दिसला. आम्ही दोघींनी पाहिला. अंधार झाला आणि तिची नखं माझ्या मनगटात रुतली.

मध्यंतराच्या आधी एक गाणं चालू असताना पडद्यावरची नटी जागच्या जागी थिजली. तिच्या चेहऱ्यावर तपकिरी डाग पडला, तो पसरत गेला आणि पडदा पांढरा झाला. मशीनच्या खोलीतून जळका वास आला, पाठोपाठ धूर. आणि कुणी तरी तो शब्द ओरडलं.

सगळं थेटर एकदम उभं राहिलं. खुर्च्या आपटल्या, पोरं रडू लागली. माझ्या डोक्यात फक्त कुलपं होती. कुलपं, कुलपं, कुलपं. मी रशीदाचा हात ओढला. ती उठेना. डोळे मिटून, खुर्चीचे हात धरून ती बसून राहिली. डोळे बांधून त्या इमारतीत कुठूनही बाहेर पडू शकणारी ती एकटीच, आणि तीच हलेना.

"रशे, ऊठ!"

"दार आत उघडतं," ती पुटपुटली. "फुफी, दार आत उघडतं."

मी भीतीने रडायला लागले होते. तेवढ्यात दोन्ही बाजूंनी ऊन आत आलं. लख्ख, दुपारचं ऊन. नुसत्या लोटण्याने दारं एकामागून एक पडव्यांत उघडत गेली आणि माणसं बाहेर सांडली. मी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिकडे वळवला. "बघ, रशे. डोळे उघड. बघ तरी!"

तिने डोळे उघडले. पटके, पदर, कडेवरची पोरं, सगळी उन्हात उभी. हॉलमध्ये आम्ही दोघीच उरलो होतो. ती उठली आणि त्या रुंद होत जाणाऱ्या वाटेने, कुठेही न अडखळता, माझा हात धरून बाहेर आली.

बाहेर नुसता कल्ला होता. कुलपांचा जुडगा डोअरकीपरच्या हातातच होता, त्याने एकही कुलूप घातलं नव्हतं. मशीनवाल्याने वाळूची बादली ओतून फिल्म विझवली होती. एक म्हातारी उरलेला खेळ दाखवा म्हणून हटून बसली होती, आणि आप्पा कपाळ बडवत होते, "आता तिकीटवाला कोन आन् फुकट्या कोन, कसं वळखू?" ते ऐकून रशीदा पायरीवर बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा तिने तोंड धुतलं आणि म्हणाली, "चल, शेवट बघू." पुढे ती होती.

नंतर ती सरकारी खात्यात लागली. गावोगावच्या शाळा, दवाखाने काढले. नाव कुठे झालं नाही. भीती गेली असंही नाही. साठी उलटल्यावरही हॉटेलात ती दाराजवळचंच टेबल मागायची. गेल्या हिवाळ्यात ती झोपेतच गेली, असं तिच्या मुलीने मला फोनवर सांगितलं.

त्यानंतर मी शिरूरला गेले. थेटराचं आता मंगल कार्यालय झालं आहे. पडवीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मी विचारलं, "पहिल्या खेळाला इथे धूर झाला होता, आठवतं का?"

"पयल्या खेळाला व्हतो की मी," ते म्हणाले. "मधीच पिच्चर थांबला व्हता खरा. आमी हितंच भायेर बसून चा प्यालो."

"आणखी काही झालं नाही?"

"न्हाई बा. काय व्हायचं व्हतं?"

मला त्यांच्यासमोरच रडू कोसळलं. बिचारे गांगरले, पाणी आणायला उठले. हे एवढं एक वाक्य रशीदाला ऐकवायला हवं होतं.