घर दाखवायचा दिवस

माझा धाकटा भाऊ अमेरिकेत असतो. आमच्या गावच्या शाळेत शिकलेली त्याच्या बरोबरीची आणखी काही पोरं तिकडेच आहेत. ती सगळी मिळून दरवर्षी गावातल्या दहावी झालेल्या काही लेकरांचा परभणीतला पुढचा खर्च उचलतात. फी, वसतिगृह, पुस्तकं, सगळं. मी त्याच शाळेत गणित शिकवते, म्हणून गावाकडचं काम माझ्या गळ्यात पडलं. मला कुणी विचारलं नाही. मोठी बहीण म्हटल्यावर विचारायचं तरी काय.

त्यांचा एक नियम आहे. शिष्यवृत्ती मंजूर करायच्या आधी ते लेकराचं घर फोनवर बघतात. पूर्वी एकदा दारात ट्रॅक्टर असलेल्या माणसाने आपल्या मुलासाठी मदत लाटली, तेव्हापासून हे सुरू झालं. मला तो नियम कधीच आवडला नाही. द्यायचं तर द्या, लोकांच्या घरात कशाला डोकावता, असं मी भावाला तोंडावर म्हटलंही होतं. त्याचं म्हणणं, तिकडचे लोक कष्टाची कमाई देतात, त्यांना खात्री नको का? तेही खोटं नव्हतं. पटत नसूनही मी फोन धरून घरोघर फिरत राहिले.

त्या वर्षी माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणित तिला आवडायचं, आणि मुलांना गणित आवडलं की मी त्यांच्यावर जीव टाकते, हा माझा स्वभाव. वडील परभणीच्या मोंढ्यात हमाली करायचे, आई दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची. दहावीचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात पूर्णेकडचं एक स्थळ सांगून आलं. मुलाकडच्यांना काही नको होतं, त्यामुळे वडिलांचं मन तिकडे झुकायला लागलं. मुलगी अजून लग्नाच्या वयाचीही नव्हती. आई शाळेत मला भेटायला आली.

"मॅडम, तुमच्याकडून जमलं तर मी हिच्या बापाला थोपवते," ती म्हणाली. "न्हाई जमलं तर माझं कोन ऐकायलंय?"

मी तिला सांगितलं की शनिवारी संध्याकाळी येते, अमेरिकेतली मंडळी फोनवरून तुमचं घर बघणार आहेत.

शनिवारी गेले तर मला घरच ओळखू येईना. अंगणात ताजा सडा. आत गादीच्या खुर्च्या, काचेचा टीपॉय, कोपऱ्यात घरघरणारा कूलर. पत्र्याच्या भिंतीवर पडदा लावून खिळे झाकलेले. आईच्या अंगावर जरीची साडी आणि गळ्यात सोन्याची बोरमाळ. सगळं शेजारपाजारहून आणलेलं. बोरमाळ शेजारणीच्या सुनेची होती आणि ती सून दारात उभी राहून कौतुकाने बघत होती. आमच्याकडे घर बघायला कुणी येणार म्हटलं की बाई दुसरं काय करील? तिने घराची अब्रू राखली होती.

मी काही बोलायच्या आत फोन लागला. पलीकडे भाऊ आणि आणखी तिघे चौकटीत दिसायला लागले. आईने डोक्यावर पदर घेतला, सगळ्यांना नमस्कार केला. मग काजू घातलेल्या शिऱ्याची बशी आणून तिने फोनसमोर ठेवली आणि म्हणाली, "घ्या दादा, लांबून आलाव." ते चौघे हसले. मीही हसले. मुलगी मात्र गंभीर होती. विचारलेल्या प्रश्नांची तिने नीट उत्तरं दिली, पुढे काय शिकायचं तेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. मुलगी हुशार आहे, पण घर बरं दिसतं, सोनंनाणं आहे, यंदा जास्त गरजूंना देऊ असं ठरलं म्हणाला. माझं डोकं फिरलं. ते सगळं मागून आणलेलं होतं, मी सांगितलं. तू याच मातीत वाढलास आणि तुला एवढं कळलं नाही? आपली आई पाहुण्यांसाठी कप कुठून आणायची? तो हळूच म्हणाला, "अक्का, मला पटतंय गं. पण बाकीच्यांना काय दाखवू? घर जसं आहे तसं एकदा परत दाखव."

हे त्या बाईला जाऊन सांगायचं माझ्या जिवावर आलं होतं. वाटेत कितीदा वाटलं, मागे फिरावं. पण पूर्णेची मंडळी त्याच आठवड्यात सुपारी फोडायला येणार होती. मी सांगितलं. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं आणि विचारलं, "आसं हाय का? मंग कोनती साडी नेसू मॅडम, फाटकी का मळकी?"

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं.

खुर्च्या गेल्या, कूलर गेला, पडदा निघाला. शेतात जाताना साडीवरून घालतात तो नवऱ्याचा जुना शर्ट तिने चढवला. फोन लागल्यावर कुणी सांगायच्या आधीच ज्वारीच्या कोठीचं झाकण उघडून तिने तळ दाखवला. चूल दाखवली, पावसाळ्यात कुठे गळतं ते बोट करून दाखवलं. मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती. हाक मारल्यावर वळली, पण आईकडे तिने बघितलं नाही.

त्याच दिवशी भावाने कळवलं की मंजूर झालं. सगळ्यांना पटलं, एकाच्या बायकोला तर रडू आलं म्हणाला. बरं झालं म्हणून मी फोन ठेवला आणि पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाही.

मुलगी आता परभणीत शिकते, वसतिगृहात राहते. स्थळ परत गेलं. बाप कुरकुरला, पण आईने त्याला थोपवलं. मला याचा आनंद आहे, तो मी लपवत नाही. तिच्या घरावरून जाताना मी थांबते. आई लगबगीने बाहेर येते, लेकीची खुशाली सांगते, माझी विचारते. पण दारातच उभी राहते. आमच्या गावात आलेल्या बाईला कुणी दारातून लावून देत नाही, म्हणून परवा मीच म्हटलं, आत बसू का घटकाभर?

ती चौकटीतून हलली नाही.

"आत काय हाय मॅडम," ती म्हणाली. "तुमी तर समदं बघितलंय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.