बैठकीआधीचं इतिवृत्त

बैठकीचं इतिवृत्त बैठकीआधीच लिहून ठेवायचं, हे मी वरळीच्या बीडीडी चाळीत शिकले. वडील तिथल्या मंडळाचे चिटणीस. सभा रविवारी असली की शनिवारीच त्यांचं "सविस्तर चर्चेअंती एकमताने ठरले की" लिहून तयार. सभेच्या सूचनेबरोबर ती वही खोल्याखोल्यांतून फिरायची, लोक सह्या करून मोकळे व्हायचे आणि मग रविवारी निवांत भांडायचे. यात कोणाला काही गैर वाटत नसे. मला तर वडिलांचं कौतुकच होतं.

पुढे दादरच्या एका सल्लागार कंपनीत हेच कसब माझ्या कामाला आलं. एका छोट्या बेटाच्या देशाला आपल्याकडून जहाजांचा धक्का बांधून दिला जाणार होता, मैत्रीची भेट म्हणून. आराखडा आमचा. देश केवढा, तर गिरगाव चौपाटीवरून निघालात तर माहीमला संपेल एवढा. शेवटच्या बैठकीला तिथल्या एक इंजिनिअर बाई येणार होत्या. मी आदल्या दिवशी इतिवृत्त छापलं आणि चाळीतल्या सवयीने सरळ पाहुण्यांच्या पिशवीत, कार्यक्रमपत्रिकेसोबत घालून दिलं. इतका वेंधळेपणा मी आयुष्यात केला नव्हता.

सकाळी बाईंनी मला पँट्रीपाशी गाठलं. माझ्याच वयाच्या, अंगाने बारीक. हातात माझे तीन कागद.

"मी इथे धक्का नको हे सांगायला आले," त्या इंग्रजीत, अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "आणि यात मी कालच आनंदाने होकार दिलाय."

कुठे तोंड लपवू असं मला झालं. त्यांच्या गावांतल्या विहिरी खाऱ्या झाल्या होत्या. प्यायचं पाणी बोटीने यायचं, समुद्र खवळला की तेही नाही. त्यांना धक्का नको होता, घराघरावर पावसाचं पाणी साठवणाऱ्या टाक्या हव्या होत्या. पण मंजुरी धक्क्याला होती. टाक्या मागायच्या तर सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून. त्यातून त्यांच्या मंत्र्यांनी निघतानाच बजावलेलं, सही न करता परत येऊ नका.

"मग तुम्ही सही करणार?" मी विचारलं.

"करावीच लागेल. पण मी पाणी मागितलं, एवढं एक वाक्य यात घाला. गावात लोक विचारतील, तिथे जाऊन तोंड तरी उघडलंस का. मला दाखवायला दुसरं काही नसेल."

मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

बैठकीत बाई पाण्याबद्दल बराच वेळ बोलल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या, अध्यक्ष "नक्की विचार करू" म्हणाले आणि काजूकतली फिरली. पाहुणचार इतका की बाईंना धड चिडताही येईना. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी जागेवर जाऊन शेवटच्या पानावर, 'ऐनवेळचे विषय' या मथळ्याखाली त्यांचं वाक्य टाकलं आणि साहेबांना दाखवायला नेलं.

"अगं, वेड लागलंय का तुला?" साहेब म्हणाले. "आपण गिफ्ट देतोय आणि समोरचा म्हणतोय हे नको, दुसरं द्या. असं लेखी वर पाठवू?"

"सर, त्या खरंच बोलल्या. सगळ्यांनी ऐकलंय."

"बोलू दे ना. बोलायला कोणी अडवलं त्यांना? तू लिहू नकोस, बस. आणि तो कागद त्यांच्या पिशवीत कोणी घातला, हे मी अजून वर सांगितलेलं नाही."

माझा हात दगडाखाली होता. नवऱ्याची कंपनी बंद पडलेली, भोईवाड्यातलं घर माझ्या एकटीच्या पगारावर चाललेलं. मला साहेबांचा संताप आला. बाईंचाही आला, की एवढ्या लोकांत यांना मीच सापडले का. सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला. आणि तो येत असतानाच मी ते वाक्य खोडून कागद पुन्हा छापले.

सह्यांच्या टेबलावर दोन्ही देशांचे छोटे झेंडे लावले होते. बाई पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या, ओळीखाली बोट धरून. तिसऱ्या पानाच्या तळाशी बोट थांबलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी झेंड्यांकडे पाहत राहिले. बाईंनी आता उठून निघून जावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी उठायला हवं होतं आणि मी बोलायला हवं होतं, पण दोघींपैकी कोणी हललं नाही. फोटोग्राफर म्हणाला, "मॅडम, प्लीज, इकडे." बाईंनी सही केली.

धक्का बांधून झाला. ते इतिवृत्त आजही दोन्ही देशांच्या दप्तरांत असेल. तिसऱ्या पानावर शेवटी 'ऐनवेळचे विषय' असा मथळा आहे आणि त्याखाली मी लिहिलंय : कोणीही काही मांडले नाही.