तक्ता माझा, सही तातांची

मीरा, कार्तिक, तुमचे आजोबा, आपले ताता, जाऊन पाच आठवडे झाले. दुपारी जेवले, ताक प्यायले, वेलचेरीच्या घरातल्या आरामखुर्चीत टेकले आणि तिथेच... इस्पितळ नाही, धावपळ नाही. फोनवर तुम्ही दोघं रडलात आणि मी रडले नाही, याचं तुम्हाला नवल वाटलं असेल. खरं सांगू, मला हायसं वाटलं होतं. इतकं सोपं मरण त्यांच्यासाठी मागायलासुद्धा मी धजले नसते. त्याच फोनवर कार्तिकनं विचारलं, "ताता ऑफिसात नक्की काय करायचे?" मी "स्टोअर्समध्ये होते" एवढंच बोलले, कारण त्या नोकरीतली एक गोष्ट मी साठ वर्षं झाकून ठेवली होती. ते होते तोवर ती सांगणं त्यांना आवडलं नसतं. आता सांगते.

लग्नानंतर आम्ही तंजावर सोडून मद्रासला आलो. साठच्या दशकाची सुरुवात होती. बंदराजवळच्या एका कंपनीच्या गोदामात ताता नवे साहाय्यक अधिकारी होते, नोकरी अजून कायम व्हायची होती. यंत्रांचे भाग भरलेल्या लाकडी पेट्या हमाल दोरांनी आणि पहारींनी हलवायचे. त्यांचे प्रमुख कन्नप्पन मेस्त्री, तातांच्याच वयाचे, अंगानं चांगले भरलेले. पेटी डुलली की तिला खांदा लावून उभे राहायचे. मग साहेबांनी ठरवलं की परदेशी फोर्कलिफ्ट, म्हणजे पुढच्या दोन लोखंडी पात्यांवर पेटी उचलून नेणारी गाडी, मागवायची. तीन कंपन्यांची माहितीपत्रकं आली. आयात परवाना एकाच यंत्राचा मिळणार, म्हणजे निवड चुकली तर दुरुस्ती नाही. "तीन कंपन्यांची तुलना करून शिफारस द्या," असं तातांना सांगण्यात आलं.

तातांचं इंग्रजी बेताचं आणि अक्षर कोंबडीच्या पायाचं. मी गणित घेऊन बी.ए. झालेले. पत्रकं घरी आली आणि तुलनेचा तक्ता मी केला. कंपन्यांची नावं लांबलचक, म्हणून आम्ही त्यांना लाल, हिरवी, पिवळी म्हणायचो. वजन किती उचलते, किती उंच नेते, किती जागेत वळते, सुटे भाग मद्रासला मिळतात का, किंमत काय. सगळे रकाने सरळ, आकडे एकाखाली एक. पत्रकांत खाली बारीक अक्षरांत टिपा होत्या. त्यांनी तक्ता गिचमिड दिसेल म्हणून मी त्या वगळल्या. तिन्ही यंत्रं दोन टनी, पिवळं सर्वांत स्वस्त. तातांनी पिवळ्याची शिफारस केली. ऑफिसात तक्ता टाइप झाला, खाली त्यांची सही झाली.

पत्रकं परत द्यायची म्हणून मी एका सकाळी ती नीट लावत होते, तेव्हा ती टीप वाचली... पिवळ्याचे दोन टन मोजले होते पात्यांच्या मुळापासून वीस इंचांवर, बाकी दोन्हींचे चोवीस इंचांवर. सांडशीत धरलेलं पातेलं हातापासून जितकं लांब, तितकं जड. इथेही तेच.

"अहो, फाइल गेली?"

"काल गेली." ते दाढी करत होते.

"तुमची पेटी रुंद किती?"

"पाच फूट. वजन जवळजवळ दोन टन. का गं?"

"म्हणजे वजनाचा मध्य तीस इंचांवर. पिवळ्याला ती झेपायची नाही. पुढे कलंडेल."

अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी माझं गणित दोनदा पाहिलं. नवी नोकरी, आणि आपलीच शिफारस मागे घ्यायची. पण ते तडक साहेबांकडे गेले. साहेब भडकले. पिवळ्याच्या एजंटाकडे एक यंत्र होतंच, त्यानं चाचणीची तयारी दाखवली. पुढचं मला तातांनी सांगितलं ते असं.

भरलेली पेटी पात्यांवर चढली तेव्हा मागची चाकं हलकी झालेली सगळ्यांना दिसली. कन्नप्पन तातांकडे पाहून हसले. "रावसार, मागे दोन माणसं बसवा की! नाहीतर मी एकटा बसतो, माझं वजन पुरे."

"कुणी बसायचं नाही, मेस्त्री. आणि पेटीला खांदाही लावायचा नाही. सगळे भिंतीपाशी."

"सार, हे यंत्र आहे, बैलगाडी नव्हे," एजंट म्हणाला. यंत्र निघालं. आवारातल्या गटाराजवळ चालकानं ब्रेक दाबला, मागची चाकं हातभर उचलली गेली आणि पेटी खाली येऊन फुटली. कुणाला ओरखडासुद्धा आला नाही. कन्नप्पन फुटक्या फळ्यांजवळ गेले. "अय्यो... मी तिथंच उभा असतो, सार."

पिवळं रद्द झालं, लाल कंपनीचं मोठं, अडीच टनी यंत्र ठरलं. साहेबांनी विचारलं, "तो तक्ता कुणी केला होता?" ताता म्हणाले, "मी." त्यांची नोकरी कायम व्हायला आणखी सहा महिने लागले. मी संध्याकाळी म्हटलं, "माझं नाव सांगायचं होतं." त्यांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. "सही माझी होती. पुढच्या वेळी टिपा लिही. गिचमिड दिसल्या तरी चालतील." त्यानंतर तो विषय त्यांनी कधीच काढला नाही. मी मात्र दर वर्षी एकदा तरी स्वप्नात ती पेटी पडताना पाहायची, आणि खाली माणूस असायचा.

तेराव्याला कन्नप्पन आले, नातीचा हात धरून, दोन जिने चढून. पान वाढायच्या आधी मी त्यांना सांगून टाकलं, "मेस्त्री, तो तक्ता माझा होता. चूक माझी."

"तेरियुम, अम्मा," ते म्हणाले. ठाऊक आहे. "हातानं लिहिलेला कागद गोदामातच होता ना. रावसारांचं अक्षर इतकं चांगलं कधी होतं?" आणि ते हसले, मग मीही हसले, तेराव्याच्या घरात, सगळ्यांदेखत. त्या रात्री मला शांत झोप लागली.

मेस्त्री पोटभर जेवले, पायसम दोनदा मागून घेतलं. नव्वदी ओलांडली आहे, ऐकू कमी येतं. दोन्ही हात, दोन्ही पाय शाबूत आहेत.