तारेवरून सुटलेला मणी

मी बोईसरच्या एका कारखान्यात टर्नर आहे, लेथ यंत्रावर काम करतो. बायको समुद्रकाठच्या मुरबे गावातल्या बालवाडीत शिकवते. त्या वर्षी वादळात विजेचे खांब पडले आणि किनाऱ्यालगतच्या घरांतली माणसं गावच्या शाळेच्या हॉलमध्ये आणून ठेवली. मुलं भिंतीला चिकटून बसायची, वाऱ्याने पत्रा वाजला तरी किंचाळायची. बायको म्हणाली, "वीज नको, बॅटरी नको, असं काहीतरी करून द्या. बोटं कामाला लागली की भीती जरा विसरतील."

बोईसरला वीज होती. साहेबांना विचारून लेथवर सागाच्या तुकड्यांचे बोराएवढे मणी उतरवले आणि ते ओवलेल्या तारा चौकटीत ताणून आठ मणीपाट्या केल्या. तारेची टोकं वाकवून ठोकायला हवी होती. घाईत मी ती नुसती सरसाने चिकटवली.

दुसऱ्या दिवशी पाट्या शाळेत नेऊन दिल्या. दुपारी मुलं मणी सरकवत मोठ्याने आकडे म्हणत होती. मी खूश होऊन बघत होतो. एका मुलीच्या हातून पाटी पडली, तार निसटली, मणी फरशीवर पळाले. मुलं हसत गोळा करायला धावली.

तारेवर दहा मणी होते. नऊ सापडले.

मग मला त्या मुलीची धाकटी बहीण दिसली. दीड वर्षाची असेल. तोंड उघडं, डोळे मोठे झालेले, आणि आवाज नाही. खोकला नाही, रडणं नाही. ओठ काळसर होत होते. मला कळलं काय झालंय, पण माझे पाय हलेनात. माझ्याच हातचा मणी होता तो.

तिची आजी, मासळी विकणारी बाई, हातातलं विणायचं जाळं बाजूला टाकून धावली. पोरीला मांडीवर पालथं घातलं, डोकं खाली केलं आणि पाठीवर थापा मारल्या. एक, दोन, तीन. चौथ्या थापेला मणी बाहेर पडला. पोर जोरात रडली, तेव्हा मीही भिंतीला टेकून खाली बसलो.

मी सगळ्या पाट्या पिशवीत भरल्या. "मावशी, मी हे जाळून टाकतो. परत असलं काही करणार नाही."

"जाळू नको, दादा," ती म्हणाली. पोर तिच्या खांद्यावर हुंदके देत होती. "पोरा तीन दिवसांनी आज हसली. मणी मोठं कर, तोंडात जाणार नाय असं. नि तार नको. आमी जाळ्याचा दोर देतो, त्याची गाठ सुटत नाय."

मी मोसंबीएवढे मणी उतरवले. गाठी तिने मारल्या. नवी पाटी देण्याआधी प्रत्येक दोराला मी जोरात हिसका देऊन पाहिलं. बायको "आता पुरे" म्हणाली तरी पुन्हा पाहिलं. रात्री झोपेत तोच उघड्या तोंडाचा मुका चेहरा दिसायचा.

पुढच्या वादळाच्या वेळी त्याच पाट्या त्याच हॉलमध्ये होत्या. आता सफाळ्याकडच्या दोन बालवाड्यांनीही त्या मागून नेल्या आहेत. सगळे कौतुक करतात. मी मात्र मुलं खेळत असताना दारातच उभा राहतो. ती आकडे म्हणत असतात आणि मी एकेकाचं तोंड बघत असतो. कोणी गप्प झालं की ते पुन्हा बोलेपर्यंत माझाही श्वास अडकून राहतो.