आत्याचं पहिलं नको

आमच्या आत्याला कुठलीही गोष्ट एकदा विचारून उपयोग नसतो. पहिल्यांदा ती नको म्हणते. दुसऱ्यांदा विचारलं की म्हणते, "अहो कशाला उगीच?" तिसऱ्यांदा विचारलं की "बरं बाई, एवढं म्हणताय तर" असं म्हणून ताट पुढे करते. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तिला वाढताना आम्ही विचारत नाही, सरळ वाढतो. पोट खरंच भरलं असेल तर ती ताटावर दोन्ही हात आडवे धरून ओणवी होते, तेवढा एकच तिचा खरा नकार. बाकीचे सगळे नुसते शिष्टाचार.

ही बाई परदेशात नोकरीला आली. आणि राहायला कुठे, तर माझ्या खोलीत. माझं नशीब, दुसरं काय!

आत्या कवळ्या बनवते. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, त्यापुढचं सगळं तिचं: प्लास्टरचा साचा, मेणाची हिरडी, त्यात एकेक दात लावणं. घरी होती तेव्हा ती एका दातांच्या डॉक्टरांच्या मागच्या खोलीत हेच काम करायची. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद करून मुलाकडे राहायला गेले. आत्या पन्नाशीला टेकलेली, लग्न केलेलं नाही, राहायला आमच्याच घरी, माझ्या आईबाबांकडे. दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांचे दात बघायची. मी तेव्हा या मोठ्या शहरात एका विमा कंपनीत लागले होते. इथे कवळ्या बनवणाऱ्यांची चणचण आहे असं कळलं, म्हणून मी तिला फोन केला. "येतेस का?" म्हटलं. ती म्हणाली, "नको गं." मी ओळखून होते. एकाच फोनवर तीनदा विचारलं आणि कामाला लावली. बाबा मात्र म्हणत राहिले, "या वयात? हिला रस्ता ओलांडता येत नाही धड!"

रस्ता तिला मस्त ओलांडता येतो. इथली भाषाही सहा महिन्यांच्या वर्गात ती माझ्यापेक्षा बरी शिकली. अडचण वेगळीच निघाली. इथली माणसं एकदाच विचारतात.

पहिल्याच दिवशी तिच्या कवळ्यांच्या प्रयोगशाळेतल्या बायका जेवायच्या सुट्टीत म्हणाल्या, "चला आमच्याबरोबर." आत्या म्हणाली, "नको, तुम्ही व्हा पुढे." त्या झाल्या पुढे! आत्या हातातला साचा खाली ठेवून, हात पुसून, पदर सारखा करून तयार उभी, तर खोली रिकामी. संध्याकाळी घरी आली ती पाय आपटतच.

"माणसं आहेत की दगड? एकदा विचारलं आणि चालू लागली!"

"तू नको म्हणालीस ना?"

"मग काय पहिल्या फटक्यात हो म्हणू? हावरटासारखी?"

"इथे नको म्हणजे नको, आत्या."

"काय मेला देश आहे!"

मग मी तिचा सराव घ्यायला सुरुवात केली. रोज संध्याकाळी मी दारातून आत यायचं, खुर्ची ओढायची आणि म्हणायचं, "कॉफी घ्याल?" आत्याने म्हणायचं, "हो, चालेल." ऐकायला काय सोपं वाटतं! तिच्या तोंडून "हो" निघायचं ते असं, की जणू मी तिच्याकडून गुन्हा कबूल करून घेतेय. कधी कधी हो म्हणून झाल्यावर हळूच "पण तुम्हाला त्रास नको" जोडायची. मी कपाळाला हात लावायचे. आठवडाभर घासून घेतल्यावर ती कॉफीला हो म्हणायला लागली. पण तोवर तिकडे तिला विचारायचं बंद झालं होतं. माणूस एकदा घुमा आहे असं ठरलं की ठरलं.

मग रविवार आला की ती माझ्या मागे. मी माझ्या मित्रमैत्रिणींत बसले की ही गुडघ्याला गुडघा लावून शेजारी. माझ्या एका मित्राला तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "तू झोपेत दात खातोस." बिचारा तेव्हापासून तोंड मिटून हसतो. आमच्या इमारतीतल्या लोकांची नावं तिने पाठ केली नाहीत. चौथ्या मजल्यावरचा फटीवाला, दारासमोरची सुळेवाली, तळमजल्यावरचे वरचे-सगळे-खोटे. मी वैतागले होते, खोटं कशाला बोलू? तिला तिचं स्वतःचं कोणीतरी माणूस मिळू दे, म्हणजे माझी सुटका होईल, असं मला रोज वाटायचं.

ते माणूस तिच्या शेजारच्या टेबलावरच होतं. तयार कवळीला चाकावर धरून चकाकी आणणारा, अंगाने दरवाजाएवढा, आत्याच्याच वयाचा. आम्ही त्याला पॉलिशवाला म्हणतो. तोही इथला नव्हे, तिसऱ्याच कुठल्यातरी देशातून आलेला. बायको सोडून गेलेली, मुलं लांब. दुपारी टेबलाशीच बसून कोरडा पाव चावायचा. आत्याने ते किती दिवस बघावं? एक दिवस तिने आपला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.

तो म्हणाला, "नको, थँक यू."

आता आत्याच्या कानाला हा शब्द म्हणजे गाण्याची पहिली ओळ. तिने पुन्हा विचारलं. तो पुन्हा नको म्हणाला. तिने त्याच्या पावावर भाजी वाढली. तो तोंडाकडे बघत राहिला तसं म्हणाली, "खा." त्याने खाल्लं. दुसऱ्या दिवशीही हेच. तिसऱ्या दिवशी तो घरून थाळी घेऊन आला.

पुढे मला भेटल्यावर त्याने दबक्या आवाजात विचारलं, "तुमच्या देशात नाही म्हणणं हा अपमान असतो का?"

"अपमान नसतो," मी म्हटलं, "ते कोणाला ऐकूच येत नाही."

पण गडी हुशार. त्याला आत्याचं तंत्र माझ्यापेक्षा लवकर कळलं. काम संपल्यावर तो तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहायचा आणि एका दमात म्हणायचा, "कॉफी? कॉफी? कॉफी?" आत्या लगेच पिशवी उचलायची. रविवारी दोघं नदीकाठाने फिरायला जायला लागली. जाहिरातींच्या फलकांवरची हसरी माणसं बघून त्यांच्या दातांत खोट काढायची आणि पोट धरधरून हसायची. माझे रविवार मोकळे झाले. आणि गंमत बघा, मला ते आवडेना! आत्या घरी नाही म्हटल्यावर मी आपली खिडकीत. चक्क मत्सर वाटला मला, त्या दरवाजाएवढ्या माणसाचा.

वर्ष भरत आलं. पहिलं वर्ष तात्पुरतं असतं. पुढे प्रयोगशाळेने कायम केलं तर राहायचं, नाहीतर परवाना संपला, सामान बांधा. आणि सामान बांधून जायचं कुठे, तर पुन्हा आमच्या घरातल्या त्या खिडकीत. बाबा वाईट नाहीत हो, पण "मी सांगत होतो" हे वाक्य त्यांनी वर्षभर जपून ठेवलं होतं. एकदा आत्या कपड्यांच्या घड्या घालता घालता मला म्हणाली, "मला इथे फार आवडतं गं. इथे मला कोणी बिच्चारी म्हणत नाही." तिला राहायचं होतं. ते मला माहीत होतं, पॉलिशवाल्याला माहीत होतं. ज्यांना माहीत असायला हवं होतं त्या प्रयोगशाळेच्या मालकीणबाईंना माहीत नव्हतं.

मालकीणबाई म्हणजे उंच, आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी शुक्रवारी आत्याला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. आत्या घरी आली ती खुशीत.

"विचारलं हो त्यांनी! कायमची राहशील का म्हणाल्या."

मी उडीच मारली. "मग?"

"मग काय? मी म्हटलं, अहो मला कशाला, इथे माझ्यापेक्षा चांगली माणसं आहेत. राहू दे."

"आणि त्या काय म्हणाल्या?"

"वाईट वाटलं म्हणाल्या. आता सोमवारी परत विचारतील."

"आत्या!" माझा आवाज असा चढला की फटीवाल्यालाही ऐकू गेला असेल. "वर्षभर मी काय बोंबलतेय? नको म्हणजे नको!"

"ते कॉफीचं गं. नोकरीसारख्या मोठ्या गोष्टीला तरी माणूस दोनदा विचारेल की नाही?"

सोमवारी कोणी विचारलं नाही. मंगळवारी तिच्या जागेची जाहिरात लागली. पॉलिशवाला तडक केबिनमध्ये गेला आणि मालकीणबाईंना म्हणाला, "तिला अजून दोनदा विचारा." त्या म्हणाल्या, "ती जाणती बाई आहे. तिने विचार करून उत्तर दिलं. ते बदल म्हणून मी मागे लागले तर तिचा अपमान होईल." त्याने मला फोन करून हे सांगितलं तेव्हा तो अक्षरशः रडकुंडीला आला होता. मालकीणबाईंचं म्हणणं त्यांच्या जागी बरोबरच होतं, हाच तर वैताग! भांडायचं तरी कोणाशी?

त्या संध्याकाळी आम्ही तळघरात कपडे धुवायला गेलो होतो. मशीन गरगरत होतं आणि मी तिला झाडत होते. "स्वतः जा आणि सांग की मला राहायचंय. जीभ झडणार नाही तुझी!"

"स्वतःच्या तोंडाने मागू?"

"मग कोणाच्या तोंडाने? कवळी बनवून देतेस एखादी?"

ती हसली नाही. मशीनच्या काचेकडे बघत म्हणाली, "मला एकांनी विचारलं होतं. लग्नाचं."

हे मला ठाऊकच नव्हतं. घरात कोणालाच नव्हतं.

"दवाखान्यात दातांचं सामान घेऊन यायचे ते. दादाला नाही विचारलं, सरळ मला विचारलं. मला आवडायचे ते. मी म्हटलं, इतक्यात नको."

"मग?"

"मान डोलावली आणि गेले. दुसऱ्या दिवशी मी चांगली साडी नेसून गेले. पुढे बरेच दिवस नेसत होते. मग सामान घेऊन दुसराच कोणी यायला लागला." तिने मशीनची काच पदराने पुसली. "परत विचारतील असं वाटलं होतं गं मला."

इतकी वर्षं आम्ही घरात तिच्या नको-नकोची नक्कल करून हसत होतो. मला इतकं वाईट वाटलं की मी मशीन मध्येच थांबवून ओले कपडे काढून पिशवीत भरायला लागले. मशीनचं अजून पाणी पिळायचंच बाकी होतं, सगळी फरशी भिजली. आत्याने फडकं आणलं आणि फरशी पुसता पुसता म्हणाली, "उद्या जाते मी."

पुढचं मला पॉलिशवाल्याने सांगितलं. तो काचेबाहेर चाक बंद करून उभा होता, तिच्याही नकळत.

आत्या केबिनमध्ये गेली. बसा म्हटलं तरी बसली नाही. म्हणाली, "मला राहायचंय." मालकीणबाई काही बोलायच्या आत पुन्हा म्हणाली, "मला इथे राहायचंय." आणि त्यांनी तोंड उघडताच तिसऱ्यांदा म्हणाली, "खरंच सांगते, मला राहायचंय." उभा जन्म दुसऱ्याला वाढताना केलेला आग्रह बाईने त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःसाठी केला.

"मला पहिल्यांदाच ऐकू आलं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तर नको म्हणाला होतात."

"चुकलं माझं. आम्ही आधी नको म्हणतो."

"दुसऱ्या एका बाईंना मी उद्या भेटायला बोलावलंय."

"त्यांना नको म्हणून सांगा," आत्या म्हणाली.

हे आपल्या तोंडातून कसं निघालं ते तिला अजून कळलेलं नाही. मालकीणबाई हसल्या. (खालचा एक दात वाकडा आहे त्यांचा, वर्षभरात कधी दिसला नव्हता, इति आत्या.) त्यांनी फोन उचलून उद्याची भेट रद्द केली. आत्या बाहेर आली, टेबलाशी बसली आणि दात हातात घेतला, तो चुकीच्या जागी लावला, काढला आणि पुन्हा तिथेच लावला. त्या दिवशीची तिची कवळी पॉलिशवाल्याने पुरी केली, आणि फार वाईट केली. दुसऱ्या दिवशी तिने ती मोडून पुन्हा बनवली.

संध्याकाळी तिने बाबांना फोन लावला आणि मलाही ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"दादा, मी इथेच राहतेय. कायमची."

बाबा सवयीने म्हणाले, "फारच आग्रह केला असेल त्यांनी. तू तरी काय करणार! तुझ्याने नाही म्हणवलं नसेल."

बाबांनी तिला आयती पळवाट दिली होती, आमच्या घराण्याच्या रीतीप्रमाणे. आत्याने माझ्याकडे बघितलं.

"नाही दादा. आग्रह कोणी केला नाही. मी मागितलं."

"मागितलंस? तू?"

"हो, मी," आत्या म्हणाली. "आणि दिलं रे त्यांनी."