सहा मिनिटं खाली

"ही दुर्बीण बाद हाय, मेस्त्री. परत पाठवा तिला," फौजदारसाहेब रायफलीवरून डोकं न उचलताच म्हणाले.

दुर्बीण बाद नव्हती. साहेबांचा हिशेब बाद होता. पण फौजदाराला असं तोंडावर सांगायची पद्धत नव्हती.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात मी सर्व्हे ऑफिसात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होतो. जमीन मोजायच्या दुर्बिणी दुरुस्त करणं हे माझं काम. रायफलीशी संबंध शून्य. फौजदार बिराजदारांना पुण्याच्या नेमबाजी स्पर्धेत उतरायचं होतं. रायफलीवर नवी दुर्बीण बसवली होती आणि तिच्या नॉबवरचे आकडे कुणाला उलगडेनात. "अंश, मिनिटं तुमचं खातं की ओ," म्हणत एका रविवारी सकाळी त्यांनी मला जीपमध्ये घातलं आणि कुंभारीकडच्या माळावर, पोलिसांच्या फायरिंग रेंजवर आणलं.

आम्ही तिघंच होतो. तीनशे यार्डांवर नेम धरायची कापडी चौकट उभी. तिच्या पायाशी खोल चर, आणि चरात माने हवालदार. गोळी कुठं लागली ते बघून माने खालून तारेच्या फोनवर सांगायचा. खरं तर फायरिंग चालू असताना लाल निशाण लावायचं आणि ते उतरल्याशिवाय कुणी चराबाहेर यायचं नाही, असा नियम. पण तिघांत कसला आलाय नियम, म्हणून निशाण जीपमध्येच राहिलं होतं.

पहिल्या गोळ्या मधल्या ठिपक्याच्या अठरा इंच वर लागल्या. नॉब फिरवला की टकटक वाजतो. त्या एका टकटकीला क्लिक म्हणतात. खोक्यावर लिहिलं होतं, एक क्लिक म्हणजे पाव इंच. साहेबांनी अठराला चारनं गुणलं आणि बहात्तर क्लिक खाली फिरवले. पुढची गोळी थेट मातीत.

"साहेब, तो पाव इंच शंभर यार्डांवरचा," मी म्हणालो.

"इंच तो इंचच की! शंभरावर काय आन तीनशेवर काय!"

मग मी मातीत काडीनं दोन रेघा काढल्या, एका टोकाला जुळलेल्या, पुढं फाकत गेलेल्या. नॉब इंच मोजत नाही, कोन मोजतो. एका अंशाचे साठ भाग केले की एकाला मिनिट म्हणतात. शंभर यार्डांवर एक मिनिट म्हणजे साधारण एक इंच, तीनशेवर तीन इंच. अठरा इंच म्हणजे सहा मिनिटं. एका मिनिटाचे चार क्लिक, म्हणजे चोवीस. साहेब बहात्तर फिरवून बसले होते.

साहेबांनी रेघांवरून बोट फिरवलं. "अय्यो," म्हणाले, आणि नॉब मूळ जागी आणला.

तेवढ्यात फोन वाजला. मी रिसीव्हर उचलला. "कापडाचा कोपरा सुटलाय वाऱ्यानं. दोन खिळं मारतो. जरा टाइम द्या की," माने म्हणत होता. माझं लक्ष नॉबवर. शब्द कानावर पडले, डोक्यात शिरले नाहीत. बोलताना दाबायची पट्टी रिसीव्हरच्या दांडीवर असते. ती मुठीत तशीच आवळून मी साहेबांकडे वळलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "सहा मिनिटं खाली!"

"व्हय जी," रिसीव्हरमधून आवाज आला. मी तो खाली ठेवला.

साहेबांनी चोवीस क्लिक मोजून फिरवले. गोळी भरली. पालथे पडून गाल लाकडाला टेकवला. मी वहीत आकडे उतरवत होतो. गोळी सुटायची वेळ झाली, तरी सुटेना. मी वर पाहिलं. साहेबांचं कपाळ घामानं डबडबलं होतं.

"मेस्त्री, माणूस हाय तितं."

नुसत्या डोळ्यांना मला पांढरा चौकोन आणि त्यापुढं खाकी काहीतरी हलताना दिसलं. साहेबांनी बोल्ट मागं ओढून गोळी बाहेर काढली. ती खिशात टाकली. मी वही मिटली. दूर माने आमच्याकडे पाठ करून निवांत खिळे ठोकत होता. हातोडीचा आवाज उशिरा ऐकू येत होता.

मग फोन वाजला. "झालं साहेब. चारच मिनिटं लागली. अजून दोन हायती न्हवं?"

मी रिसीव्हर ठेवला. मी तीनशे यार्ड चालत गेलो आणि मानेला सगळं सांगितलं. तो खिळ्यांच्या डब्यावर बसला.

"सहा मिनिटं रेंज खाली, म्हंजे मोकळी, असं समजून मी तुमच्या शब्दावर वर चढलो, मेस्त्री," एवढंच म्हणाला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी पुढं फायरिंग झालं नाही. पुढच्या रविवारी, लाल निशाण लावून, साहेबांनी त्याच सेटिंगवर पहिली गोळी मारली. अगदी ठिपक्यात. साहेबांनी माझी पाठ थोपटली. बहात्तर क्लिकच्या चुकीनं गोळी मातीत गेली होती. माझ्या बरोबर हिशेबानं ती मानेच्या पाठीत गेली असती.

तेव्हापासून त्या रेंजवर नॉब किती फिरवायचा ते फक्त क्लिकमध्ये सांगतात. पुण्यात साहेबांचा नंबर आला नाही, आणि मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. हिशेब कितीही पक्का असो, तो कुणाच्या कानावर पडतोय, हे बोलण्याआधी बघावं.